बदलीचे हरदास

पहिल्यांदा वर्गावर गेलेला दिवस शिक्षक विसरत नाही असे म्हणतात. आमचा तर विसरण्याजोगा नव्हताच. बी.एड. होऊन वर्ष उलटले होते, कायमच्या नेमणुकीची ऑर्डर कुठेच दिसत नव्हती. अशात नगर जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर आम्हाला बोलावणे आले. एप्रिलचा महिना, परीक्षा तोंडावर. अशा वेळी बदलीवर यायला कोणी मिळत नाही, म्हणून आमचा नंबर लागला होता, हे आम्हाला ठाऊक होते.

आदल्या रात्री पाठटाचणाची आठ पाने लिहिली. घरात असलेला एकुलता एक कोट, तोही भावाच्या लग्नातला, इस्त्री करून अंगात चढवला. नगरच्या एप्रिलात कोट घालणारा माणूस किती शहाणा असेल ते वाचकांनी ठरवावे. आठवी ब चा वर्ग, तास इतिहासाचा. आम्ही मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून आत गेलो, खडू हातात घेतला आणि आठ पानांचे टाचण अकरा मिनिटांत संपवून मोकळे झालो. उरलेली मिनिटे समोर आ वासून उभी. घसा कोरडा पडलेला, कोटाची पाठ भिजलेली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, शादी में जाना है क्या?" वर्ग हसला. तेही आम्ही सोसले असते. पण पुढच्या बाकावरच्या एका मुलाने अगदी साध्या सुरात विचारले, "सर, आप कितने दिन के हैं?"

या प्रश्नाला बदली शिक्षकाजवळ उत्तर नसते. रजा आहे तोवर तो आहे. मुलांनाही ते कळते, आणि जो राहणार नाही त्याचे का ऐकावे, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रामनवमीची सुट्टी होती. आम्ही संध्याकाळच्या एसटीने शिर्डीला मामूंकडे गेलो. मामूंचे नगर-मनमाड रस्त्याला पंक्चरचे दुकान आहे. त्या रात्री रस्त्याला चालायला जागा नव्हती. मुंबईहून चालत आलेल्या पालख्या एकामागून एक गावात शिरत होत्या. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत एक पालखी टेकली होती, पायाला फडकी बांधलेली पोरे आडवी झाली होती. त्यांच्यात पेटी घेऊन एक विशीतला मुलगा बसला. गाण्याआधी म्हणाला, "शब्द माझे, चालही माझीच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या." पहिल्या कडव्याला त्याचा आवाज इतका कापत होता की आम्हालाच कोटातला घाम आठवला. दुसऱ्या कडव्याला कोणीतरी टाळी धरली. तिसऱ्याला आडवी झालेली माणसे उठून बसली. मामू ट्यूब पाण्यात बुडवून तशीच धरून ऐकत राहिले, बुडबुडा कुठून येतो ते पाहायचे राहूनच गेले. ध्वनिफितीवरचे गाणे आम्ही पुष्कळ ऐकले होते. पण ज्याने रचले तोच समोर बसून गातो आहे, त्याचे पुढचे अक्षर ओठावर येईतो आपणही श्वास धरून आहोत, ही मजा वेगळीच. त्या मुलासाठी आम्हाला भीती वाटत होती आणि त्या भीतीमुळेच गाणे अधिक गोड लागत होते.

गाणे संपल्यावर मामू म्हणाले, "बेटा, या गावात रामनवमीला पहिल्यांदा गायला उभा राहिला तोही असाच बदलीवरचा होता. पोथीत आहे. वाच." मामूंकडे शेजाऱ्याने दिलेली श्रीसाईसच्चरिताची प्रत होती. सुट्टीचा दिवस आम्ही त्या पोथीवर घालवला. पुढील मजकूर बहुतांशी तिच्यातला आहे. मात्र एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ही पोथी गोविंद रघुनाथ दाभोलकर यांची. ते वांद्र्याला मॅजिस्ट्रेट होते, 1910 साली प्रथम शिर्डीला आले आणि भक्त झाले. त्यांनी ओवीबद्ध पोथी लिहिली, इतिहास नव्हे. चमत्कार बाजूला ठेवूनच इतिहासाच्या शिक्षकाने तिच्याकडे पाहावे. पण कोण कुठल्या गावचा, कोणाची नोकरी काय, कोणी काय खर्च केला, कोण घाबरला, कोण पळाला, हे सरकारी माणसाच्या नजरेने टिपलेले तपशील तिच्यात जागोजाग सापडतात. आम्हाला ते हवे होते.

शिर्डीतली रामनवमीची जत्रा मुळात उरूस म्हणून सुरू झाली. साल 1897. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना तीन बायका करूनही मूल नव्हते. मुलगा झाला तेव्हा तो बाबांच्या दुव्याने झाला असे मानून त्यांनी उरूस भरवायचे ठरवले. तात्या पाटील, दादा कोते पाटील आणि माधवराव देशपांडे यांच्याशी सल्लामसलत झाली. जत्रेला कलेक्टरची परवानगी लागे. गावच्या कुलकर्ण्याने विरोध केल्यामुळे ती आधी नाकारली गेली, नंतर खटपटीने मिळाली. बाबांच्या सांगण्यावरून दिवस रामनवमीचा धरला. हिंदू भक्त दोन निशाणे वाजतगाजत नेत, एक नगरच्या दामूअण्णा कासारांचे, एक निमोणच्या निमोणकरांचे. आणि शेजारच्या कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी त्याच दिवशी संदल काढायला सुरुवात केली. थाळ्यांत उगाळलेले चंदन, पुढे ऊद आणि वाजंत्री. मिरवणूक गावातून फिरून मशिदीत येई आणि निंबरीला व भिंतींना चंदनाचे हात उमटवले जात. दिवसा निशाणे, रात्री संदल, असा हा क्रम होता. त्यात गाण्याला स्वतंत्र जागा अजून नव्हती.

ती जागा 1912 मध्ये झाली, तीही कोणी योजून नव्हे. कृष्णराव जागेश्वर भीष्म नावाचे गृहस्थ जत्रेसाठी आले होते आणि आदल्या दिवशी दीक्षित वाड्यात पडले होते. काका महाजनी पूजेचे साहित्य घेऊन मशिदीकडे निघाले होते. भीष्मांना एकदम सुचले, की उरूस नेमका रामनवमीलाच येतो, तर मग रामजन्माचा उत्सवही का करू नये? महाजनींना कल्पना पटली. पण अडचण निघाली ती आमच्या ओळखीची. हरदास आणायचा कुठून? रामनवमी म्हणजे गावोगाव कीर्तनाचा दिवस, चांगला कीर्तनकार महिनाभर आधीच ठरलेला असतो. आदल्या दिवशी कोण येणार? तेव्हा भीष्म म्हणाले, की माझे स्वतःचे रामाख्यान रचून तयार आहे, मीच उभा राहतो, तुम्ही पेटी धरा. म्हणजे शिर्डीच्या रामनवमीचा पहिला हरदास हा ठरवून आणलेला नव्हता. दुसरा कोणी नाही म्हणून उभा राहिलेला आणि आपलीच रचना गाणारा होता.

पुढचा प्रसंग दाभोलकरांनी मोठ्या बारकाईने सांगितला आहे. परवानगी मागायला दोघे मशिदीत गेले. बाबांनीच आधी विचारले, वाड्यात काय चालले होते? महाजनी गडबडले, तोंडातून शब्द फुटेना. मग बाबांनी भीष्मांकडे पाहिले. त्यांनी बेत सांगितला आणि बाबांनी आनंदाने होकार दिला. दुसऱ्या दिवशी पाळणा बांधला, भीष्म कीर्तनाला उभे राहिले, महाजनी पेटीवर बसले. तेवढ्यात बाबांचे बोलावणे आले. आता उत्सव बंद करायला सांगतात की काय, या धास्तीने महाजनींचे पाय उचलेनात. वर्गाच्या दारात शिपाई येऊन "हेडमास्तरांनी बोलावलंय" म्हणतो तेव्हा बदली शिक्षकाचे जे होते तेच त्यांचे झाले असावे. गेले, तर बाबांनी विचारले, हा पाळणा कसला? उत्तर ऐकून निंबरीवरचा एक हार काढून महाजनींच्या गळ्यात घातला आणि दुसरा भीष्मांसाठी पाठवला. निंबर म्हणजे मशिदीच्या पश्चिम भिंतीतली कमानीची जागा, नमाजी माणसाचे तोंड जिकडे असते ती. तिथला हार रामजन्माच्या हरदासाच्या गळ्यात गेला. यावर आम्ही जास्त काही म्हणत नाही, वाचकांनी फक्त लक्षात ठेवावे.

कीर्तन झाले, जन्म झाला, गुलाल उधळला. तो गुलाल बाबांच्या डोळ्यांत गेला आणि बाबा संतापून ओरडू लागले. माणसे पळाली. थोडेच जुने लोक तिथे राहिले. राधाकृष्णामाईंना भीती, की या रागात त्यांचा पाळणा मोडेल. त्यांनी महाजनींना पाळणा सोडून आणायला पाठवले. महाजनी पाळण्याला हात घालतात तोच बाबा स्वतः जवळ आले आणि सोडू नको म्हणाले. राग ओसरल्यावर आरती झाली, तेव्हा महाजनींनी पुन्हा विचारले, तर उत्सव अजून संपलेला नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कीर्तन आणि गोपाळकाला झाला, मगच पाळणा उतरला. निशाणे आणि संदल नेहमीच्याच थाटात निघाले. पहिल्या दिवशी श्रोते पळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कीर्तनाला उभे राहायचे, हे काय असते ते पोथीत लिहिलेले नाही. लिहायची गरजही नाही. ज्याच्या पहिल्या तासाला वर्ग हातचा गेला आणि ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर जायचे आहे, त्याला ते सांगावे लागत नाही.

पुढच्या साली तोच पेच. रामनवमी पाच-सहा दिवसांवर आली आणि हरदास नाही. योगायोगाने महाजनींना बाळाबुवा माळी भेटले. लोक त्यांना आधुनिक तुकाराम म्हणत. त्यांनी ते वर्ष निभावले. त्याच्या पुढच्या वर्षी आले बाळाबुवा सातारकर. त्यांच्या मुलुखात प्लेगची साथ होती. तिथे कीर्तन करणे शक्य नव्हते, म्हणून ते काकासाहेब दीक्षितांमार्फत बाबांची परवानगी घेऊन शिर्डीला आले. त्यांना योग्य ती बिदागी मिळाली, अशीही नोंद आहे. एक स्वतःहून उभा राहिला, एक रस्त्यात सापडला, एक साथीमुळे मोकळा होता म्हणून आला. आज जो उत्सव तीन दिवस चालतो, ज्यासाठी मुंबईपासून पालख्या चालत येतात, त्याची पहिली तीन वर्षे अशी बदलीच्या माणसांवर निघाली. मग बाबांनी हे काम कायमचे एका माणसाकडे सोपवले. ते दासगणू.

दासगणू, म्हणजे गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म 1868, आमच्याच जिल्ह्यातले अकोळनेर. त्यांच्या नावावर आज गजाननविजय ग्रंथ आहे, भक्तलीलामृत आहे, आणि ताहाराबादच्या महिपतींची परंपरा पुढे चालवली म्हणून लोक त्यांना आधुनिक महिपती म्हणतात. पण सुरुवात पोलीस शिपायाची. श्रीगोंद्याला असताना तमाशाचा नाद, फडासाठी लावण्या रचून द्यायचे. श्रीगोंदे म्हटले की आपल्या वाचकांना दुसरेच नाव आठवेल. योगसंग्राम लिहिणारे शेख महंमद त्याच गावचे. चांद बोधल्यांचे ते शिष्य, मालोजीराजांनी त्यांना तिथे जागा करून दिली, आणि त्यांचे चरित्र महिपतींनी भक्तविजयात घातले. मराठीत पद रचणाऱ्या मुसलमानाची कबर ज्या गावात तीनशे वर्षे पुजली जाते, त्या गावात एक ब्राह्मण शिपाई लावणी रचत बसला होता. लावणी तरी कोणाची? जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार. या मुलुखात कवन करणाऱ्याची जात कोणी विचारत बसले नाही, निदान फडावर तरी.

नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते प्रथम शिर्डीला आले ते 1890 नंतरच्या दशकात. मनात फौजदार व्हायची फार हौस. बाबा म्हणत नोकरी सोड, हे म्हणत एवढे प्रमोशन होऊ द्या. असे बरेच वर्ष चालले. शेवटी नोकरी सुटली आणि कीर्तन हाच उद्योग राहिला. ज्याला कायमची नोकरी होती त्याने ती सोडली आणि त्याला शिर्डीच्या उत्सवात कायमची जागा मिळाली, हा विनोद आम्हा तासिकावाल्यांना जरा बोचतोच.

दासगणूंच्या कीर्तनाची एक हकीकत वाचताना आम्ही पोथी खाली ठेवून मोठ्याने हसलो. सुरुवातीला ते पुरा पोशाख करून उभे राहत. अंगरखा, उपरणे, डोक्याला फेटा. शिर्डीत एकदा असे सजून बाबांच्या पाया पडायला गेले, तर बाबांनी थट्टा केली, की नवरदेव होऊन निघालास कुठे? हे सारे अंगावर कशाला हवे? काढून टाक. दासगणूंनी तिथल्या तिथे सगळे उतरवले आणि त्यानंतर जन्मभर कीर्तनाला उघड्या अंगाने उभे राहिले. हातात चिपळ्या, गळ्यात हार, बस्स. पोथीत याला नारदाची पद्धत म्हटले आहे. आम्हाला मात्र मागच्या बाकावरचा आवाज ऐकू आला. आठवी ब मधल्या पोराने आणि शिर्डीच्या फकिराने एकच शेरा मारला होता. नवखा माणूस कपड्याच्या आड का लपतो, हे दोघांनाही दिसले होते.

कीर्तनाची घडण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी पूर्वरंग, म्हणजे एखादे वचन घेऊन त्याचे विवेचन. मग उत्तररंग, म्हणजे एखाद्या संताची कथा. मधेमधे पदे, साक्या, दिंड्या. दासगणू हे स्वतः रचत आणि स्वतःच गात. ठाणे, कुलाबा, मुंबई या बाजूला ते कीर्तन करत, शेजारी बाबांची तसबीर असे, आणि कोणत्याही संताची कथा लावली तरी शेवटी शिर्डीचा विषय निघे. रेल्वेने शिर्डीला येणारी मुंबईकडची मंडळी बऱ्याच अंशी या एका माणसाच्या आवाजामागून आली. त्यामुळेच शिर्डीच्या फकिराचे जे चित्र महाराष्ट्राच्या मनात बसले ते हरिकीर्तनाच्या रंगातले आहे. ताकियात जाऊन पायात घुंगरू बांधून नाचणारा, कबिराची पदे गाणारा तरुण फकीर त्या चित्रात मागे राहिला. हा दोष आम्ही दासगणूंना देत नाही. माणूस आपल्या भाषेत गातो. त्यांच्या एका हिंदुस्थानी पदात 'रहम' आणि 'नजर' हे आपले शब्द आहेत आणि ते पद शिर्डीच्या आरतीत आजही म्हटले जाते. पण ताकियातले गाणे लिहून ठेवणारा कोणी दासगणू आपल्यात निघाला नाही, ही खंत आहे. नांदेडहून आलेल्या अब्दुलबाबांनी बाबांकडून ऐकलेले एका वहीत उर्दूत टिपून ठेवले होते. 1954 मध्ये अब्दुलबाबा वारले. ती वही अभ्यासकांच्या चर्चेत ठळकपणे आली ती 1999 मध्ये मारियान वॉरेन यांनी तिचा इंग्रजी अनुवाद छापल्यावर. उर्दूतली वही, आणि तिच्यापर्यंत पोचायला आम्हा उर्दू शिक्षकांना इंग्रजीतून जावे लागते.

पण आम्हाला सर्वांत जवळचा वाटला तो चोळकर. ठाण्याच्या दिवाणी कोर्टात तो उमेदवार होता. आजच्या भाषेत तात्पुरता. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, पगार जेमतेम, आणि खात्याची परीक्षा पास झाल्याखेरीज नोकरी कायम होणार नाही. एके दिवशी कौपीनेश्वराच्या देवळात दासगणूंचे कीर्तन होते, तिथे हा जाऊन बसला. दाभोलकर त्याच्या मनातले सांगतात. कीर्तन ऐकता ऐकता त्याने नवस बोलला, की पास झालो, कायम झालो, तर शिर्डीला येऊन खडीसाखर वाटीन. पास झाला, कायमही झाला. पण शिर्डीचे भाडे खिशात नाही. मग त्याने चहात साखर घालणे बंद केले. तेवढे पैसे वाचवून वाचवून एक दिवस शिर्डीला आला, खडीसाखर वाटली. तो बापूसाहेब जोगांकडे उतरला होता. बाबांनी जोगांना सांगितले, या पाहुण्याला चांगला साखर घातलेला चहा भरपूर पाज. चोळकरांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ती साखरेची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. आम्ही मात्र देवळातल्या त्या संध्याकाळकडे पाहतो. परीक्षेच्या काळजीने घेरलेला एक तात्पुरता कारकून, समोर स्वतःची पदे गाणारा हरदास. त्या गाण्याने परीक्षा सोपी झाली नसेल. पण एवढ्या काळजीतही तो दोन घटका बसून ऐकू शकला. पंक्चरच्या दुकानासमोर आमचेही तसेच झाले होते. वर्गात काय होणार याचा विचार त्या कापऱ्या आवाजापुढे काही वेळ सुचलाच नाही.

शिर्डीच्या या कथांत एक शिक्षकही आहे. उरसाच्या सल्लामसलतीत ज्यांचे नाव वर आले ते माधवराव देशपांडे शिर्डीच्या शाळेत सहायक शिक्षक होते, पंतोजी. शाळा मशिदीला लागूनच. पुढे त्यांनी सांगितलेल्या आठवणींत असे आहे, की ते रात्री शाळेत झोपत आणि मशिदीत बाबा एकटेच असताना तिथून निरनिराळ्या भाषांतले बोलणे ऐकू येई. भिंतीच्या एका बाजूला पाढे आणि दुसऱ्या बाजूला धुनी. माधवरावांनी पुढे शिक्षकी सोडली आणि बाबांचा शामा म्हणूनच ते ओळखले गेले. बाबांजवळ कोणाला काही विचारायचे धाडस होईना तेव्हा शामाने विचारावे, असे पोथीत कितीतरी ठिकाणी आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलणे हे शिक्षकाला जमते, असा आमचा तर्क.

आणि एक बदली शिक्षिकाही आहे. वय आठ वर्षे. दासगणू ईशावास्य उपनिषदाचा मराठी ओवीबद्ध अर्थ लिहीत होते आणि एका जागी अडले. पंडितांना विचारले, समाधान होईना. बाबांना विचारले, तर ते म्हणाले, यात अवघड काय आहे, पार्ल्याला काकांची मोलकरीण तुझी शंका फेडील. लोकांना ती थट्टा वाटली. दासगणू विलेपार्ल्याला काकासाहेब दीक्षितांकडे मुक्कामाला गेले. सकाळी झोपेतच असताना गाणे कानी आले. नाम्या नावाच्या गड्याची धाकटी बहीण भांडी घासता घासता नारिंगी साडीचे गाणे म्हणत होती, ती किती सुंदर, तिचे काठ कसे. तिच्या अंगावर मात्र फाटके फडके. दासगणूंनी मोरेश्वर प्रधानांना सांगून तिला नवे वस्त्र देवविले. एक दिवस ती ते नेसून नाचली, मिरवली. दुसऱ्या दिवशी नवे घरी ठेवून पुन्हा त्याच फाटक्यात आली, आणि चेहऱ्यावर आनंद तोच. दासगणूंना आपल्या श्लोकाचा उलगडा झाला. त्यागातला भोग म्हणजे काय ते पंडितांना सांगता आले नव्हते, ते भांडी घासणाऱ्या मुलीच्या गाण्यावरून कळले. ज्याने शिकवायचे त्याने आपल्या जागी दुसऱ्याला पाठवले आणि त्या दुसऱ्याला आपण शिकवतो आहोत याचा पत्ताही नाही. तिला भीती वाटण्याचा प्रश्नच नव्हता. तिची गोष्ट एवढी गाजली, पण पोथीत तिची ओळख आहे ती नाम्याची बहीण एवढीच.

हे वाचताना संदलाचा एक तपशील पुन्हा पाहिला. पहिल्या वाचनात तो निसटला होता. संदलाचे काम पहिली तीन वर्षे अमीर शक्कर यांनी केले आणि त्यांच्यानंतर ते त्यांच्या बीबीने चालवले. एका ओळीची नोंद. त्या काळात, कोऱ्हाळ्यासारख्या खेड्यातली एक मुसलमान बाई नवऱ्याच्या जागी उभी राहते. चंदन, ऊद, वाजंत्री, माणसे यांची जमवाजमव करते, आणि दिवसा निशाणे गेली त्याच रस्त्याने रात्री संदल निघेल हे पाहते. भीष्मांनी रामाख्यान गायले तेव्हा, बाळाबुवा आले तेव्हा, दासगणू आले तेव्हाही संदलाचा क्रम मोडला नाही. हरदास बदलत होते, त्यांची नावे पोथीत आहेत. ही बाईसुद्धा बदलीवरच आलेली, पण तिला रजा मिळाली नाही.

सुट्टी संपल्यावर आठवी ब वर गेलो ते कोट घरी ठेवून. टाचणात पुढचा धडा होता. तो पाच मिनिटे शिकवला आणि मग खडू ठेवून या सगळ्या मंडळींची गोष्ट सांगितली, उर्दूतून, जशी सुचेल तशी. महाजनींचे पाय उचलेनात तिथे पोरे हसली, पाळणा सोडू नको म्हटल्यावर गप्प झाली. "आप कितने दिन के हैं" विचारणारा मुलगा हनुवटी हातावर टेकून ऐकत होता. आवाज आमचाही कापलाच, पण दासगणूंच्या फेट्यापर्यंत आलो तेव्हा आपला आवाज कसा आहे इकडे लक्ष राहिले नव्हते. तास संपल्याची घंटा आम्हाला ऐकू आली नाही, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा कळले.

एका मुलीने वही काढून नावे लिहायला घेतली होती. भीष्म, महाजनी, दोन बाळाबुवा, दासगणू, चोळकर, अमीर शक्कर. तिने हात वर केला. "सर, उन बीबी का नाम क्या था?"

पोथीत जेवढे आहे तेवढे सांगितले, अमीर शक्कर यांची बीबी. तिने तसे लिहिले नाही. संदल, कोऱ्हाळे, असे लिहून पुढे एक ओळ कोरी सोडली आणि वही मिटली.